किती फूट?

(दृश्य: राजाराम बंधारा, सकाळ. भुरभुर पाऊस, छत्री धरून पाणी बघायला आलेली माणसं.)

जुलै लागला की कोल्हापुरात कुणीबी कुणाला भेटू दे, पहिला प्रश्न एकच, किती फूट? कशाचं किती फूट असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजायचा. पंचगंगा नदीची 39 फूट इशारा पातळी, 43 धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतंय. 39 च्या आसपास गेलं की नदीकाठच्या गावात जनावरं हलवायची गडबड सुरू, 43 ची वाट कोण बघत बसत नाही, निदान 2019 च्या महापुरानंतर तरी नाही.

आणि घरातल्या पोराच्या मनात टेन्शनचं पाणी चढायला लागतं तेव्हा मात्र आपण 43 होईपर्यंत गप्प बसतो.

(दृश्य: राजारामपुरीतला एक जिना. दारात चपलांचा ढीग.)

हा मुलगा 16 वर्षांचा. नाव नको म्हणाला, चेहरा पण नको, म्हणून तुम्हाला फक्त त्याचे हात दिसतायत. भुदरगड तालुक्यातलं गाव, शाळेत कायम पहिला. अकरावी सायन्सला इथं आला तेव्हा गावात चौकात फोटोचा बोर्ड लागला, पेढे वाटले, सगळे म्हणाले पोरगं मार्गी लागलं. आणि इथं आल्यावर दीड महिन्यात रोज सकाळी पोटात कळ यायला लागली, क्लासला निघायच्या बरोब्बर आधी. अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. मग क्लासमधले एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, नाटकं बंद कर.

नाटक नसतंय ते. पोट खरंच दुखतं. टेन्शन आलं की शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन ही हार्मोन्स सोडतं, छाती धडधडते, पचन बिघडतं, आणि ज्याला ‘मला भीती वाटते’ हे बोलता येत नाही त्याचं पोट नाहीतर डोकं ते बोलून दाखवतं.

पण सगळं चांगलं चाललंय की, मग भीती कसली, असं त्याचे वडील म्हणाले. बरोबर इथंच गल्लत होते. 1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले, जोडीदाराचा मृत्यू 100, आणि त्याच यादीत लग्न पण आहे, 50 गुणांनी! म्हणजे आनंदाची गोष्ट असली तरी नव्यानं जुळवून घ्यायला लागतं आणि त्याचा हिशोब शरीर ठेवतं. यादी मोठ्या माणसांसाठी होती, पण हिशोब पोरांना पण तोच. ह्याचं बघा, गाव सुटलं, मित्र सुटले, मराठी मीडियमचं एकदम इंग्लिश झालं, मेसचं जेवण, पहिला नंबर गेला तो गेलाच, आणि हे सगळं एका जूनमध्ये.

पंचगंगा तरी कुठं एका नदीनं भरते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती, जी दिसत नाही म्हणतात. ह्या मुलाची न दिसणारी पाचवी नदी आम्हाला तिसऱ्या भेटीत कळली. तो शिकायला आल्यापासून म्हशींचं सगळं आईवर पडलंय, आणि तिची कंबर दुखते. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यात हे वयच असं. मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब, विचार कर’ म्हणतो, तो पंचविशीपर्यंत तयार होत राहतो, भावनांचं इंजिन मात्र आधीच जोरात सुरू झालेलं असतं. झोप यायची वेळ पण या वयात पुढं सरकते, झोप हवी 8 ते 10 तास आणि क्लास सकाळी सातचा. हिशोब तुम्हीच करा. मोबाईलला शिव्या घालून झाल्या की याकडं पण बघा.

तसं शिकायला घर सोडून कोल्हापुरात येणं नवीन नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी केली, म्हणून या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. आता रूम आहे, वायफाय आहे, पण संध्याकाळी ‘का रे, आज गप्प का?’ विचारणारं कोण नाही.

(दृश्य: नदीकाठचं चिखली गाव. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ.)

ही मुलगी 2019 ला नऊ वर्षांची होती. पाणी 55 फुटांच्या वर गेलं, घर गेलं पाण्यात. 2021 ला परत तेच. पुढं कित्येक वर्षं पत्र्यावर पाऊस वाजला की हिची झोप उडायची. आई ओरडायची नाही, तिनं वेगळंच केलं. एक पत्र्याची पेटी आणली आणि म्हणाली, यात काय काय ठेवायचं ते तू ठरव. दाखले, रेशनकार्ड, शाळेचा एक फोटो, आजीची पोत. पेटी माळ्यावर. पाऊस थांबवता येत नाही, पेटी भरता येते. तिला झोप लागायला लागली, लगेच नाही, पण लागली.

मुलाच्या बाबतीत पण मोठं काही झालं नाही. श्वास 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, हे समुपदेशक मॅडमनी शिकवलं, सोडायचा श्वास लांबला की धडधड कमी येते. रविवारी गांधी मैदानावर फुटबॉल, बूट उसने. क्लासची बॅच बदलून दुपारची घेतली, त्यासाठी वडिलांना दोन चकरा मारायला लागल्या.

एक मात्र लक्षात ठेवा. दोन आठवडे झाले तरी पोरगं उदास, जेवण नाही, मित्र तोडले, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असलं काही बोललं, तर घरगुती उपाय बास, डॉक्टर गाठा. जिवाचं काही मनात आहे का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. आणि तसं काही असलं तर एकटं सोडू नका. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

(दृश्य: रात्र, गच्ची. कानाला फोन.)

आई आधी रोज फोनवर दोनच प्रश्न विचारायची, जेवलास काय, अभ्यास झाला काय. हा ‘हूं’ म्हणायचा, फोन बंद. मॅडम तिला म्हणाल्या, विचारू नका, तुमचं सांगा. मग तिनं सांगितलं की दुखणं काळजीचं नाही, कंबरेला पट्टा घेतलाय, धारेला शेजारची काकू येते, आणि काल म्हस व्याली, रेडी झालीय, कपाळावर पांढरा ठिपका.

त्यानं विचारलं, नाव काय ठेवलं? ती म्हणाली, तू सांग की. फोन वीस मिनिटं चालला.