आत्या माजघरात का गेली?

नमस्कार श्रोतेहो.

समाजशास्त्र म्हटलं की 'आर्ट्‌सचा सोपा विषय' असं आपण सहज बोलून जातो. मला ते मुळीच पटत नाही. मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. आणि आपल्याच राज्यात हा विषय कमी गुण मिळालेल्यांच्या माथी मारला जावा, याचं फार वाईट वाटतं. असो.

आज दोनच शब्द घेऊ. दर्जा आणि भूमिका. दर्जा म्हणजे समाजानं आपल्याला दिलेली जागा. भूमिका म्हणजे त्या जागेवरच्या माणसानं कसं वागावं, याची लोकांची अपेक्षा. पुन्हा सांगतो. दर्जा ही जागा, भूमिका हे वागणं. आता, काही दर्जे आपण काही न करता अंगावर येतात, ते अर्पित. काही कष्टानं मिळवावे लागतात, ते अर्जित. राल्फ लिंटन या अमेरिकी अभ्यासकानं १९३६ साली ही फोड केली.

आमच्या घरातली संक्रांत सांगतो, म्हणजे हे डोळ्यांसमोर येईल. माझी आत्या गणिताची शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका झालेली. गावात तिला सगळे 'बाई' म्हणायचे. ती रस्त्यानं निघाली की पारावरची मंडळी उठून उभी राहायची. हळदीकुंकवाच्या दिवशी पहाटे उठून तिळगूळ तिनेच वळला, रांगोळी तिनेच काढली, वाणाच्या स्टीलच्या वाट्या तिनेच पुसून मांडल्या. (तेव्हा वाण वर्षभर वापरात राहायचं. आता प्लॅस्टिकचे डबे वाटतात आणि ते माळ्यावर जातात. त्यापेक्षा भाजीचं बी द्यावं, असं मी घरोघर सांगत असतो.)

चार वाजता दारात पहिली चप्पल वाजली. आत्यानं हात पुसले, माजघरात गेली आणि दार लोटून घेतलं. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. मी दहा वर्षांचा, माझ्याकडे गुलाबदाणी. मी तिच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायला आत गेलो, तर तिनं हात मागे घेतला. "मला नको रे. बाहेर दे."

थोड्या वेळानं तिची एक जुनी विद्यार्थिनी आली, नुकतीच नोकरीला लागलेली. "बाई कुठायत?" बायका गप्प. ती करंडा उचलून तडक माजघरात गेली. आत्यानं तिचं मनगट धरलं. तेव्हा ती म्हणाली, "बाई, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा, असं तुम्हीच सांगायचात ना? मग याच्या पायऱ्या दाखवा."

आत्या काही बोलली नाही. कुंकूही लावून घेतलं नाही. पण उठली, बाहेर आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. आजी बराच वेळ खाली बघत होती. मग ती सरकली आणि तिनं आत्यासाठी जागा केली.

बघा, एकाच बाईचे दोन दर्जे. मुख्याध्यापिका हा कमावलेला, विधवा हा अंगावर आलेला. त्या चार वाजता दुसऱ्यानं पहिल्याला माजघरात ढकललं. आणि आत्या आपण होऊन गेली, कारण लहानपणापासून बघत बघत हे नियम मनात मुरतात. याला सामाजीकरण म्हणतात. नियम मोडला की लोक नुसते हसले तर ती लोकरीती. संतापले, तर ती लोकनीती. हसले तर रीती, संतापले तर नीती, एवढं लक्षात ठेवा.

मग असले नियम बदलतात का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आत्या तेव्हा हयात नव्हती. मला ती बातमी तिला वाचून दाखवायची होती.

आमच्याकडे पुढच्या संक्रांतीला आत्या माजघरात गेली नाही. ती दाराशीच बसली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ तीच ठेवत होती.