झाकू, काळी माती आणि पेंटर काका

हे जे पायरीवर उभं दिसून राह्यलं ना, हिरवं, एका डोळ्याचं, मागं पऱ्हाटीचा ढीग अन् बाजूनं कोंबडी चाललीय, हा आमचा झाकू, जपानी कार्टूनमधल्या रोबोटचं सुटे पार्ट जोडून केलेलं प्लास्टिकचं मॉडेल. उंची जेमतेम १२ सेंटिमीटर. पायाला लागलेला चिखल खरा आहे, आमच्याच वावरातला, आणि अंगावरचं बाकीचंही जवळपास सगळं इथलंच, कुठलं दारव्ह्याच्या मार्केटमधलं तर कुठलं गावातल्या पेंटरच्या डब्यातलं. फक्त रोबोट जपानचा.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुका. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला बोलावतो, आणि पार्सलचा खोका घेऊन एसटीत बसलो की शेजारचा माणूस विचारणारच, बियाणं आहे का रे? मी हो म्हणतो. आता पन्नाशीतल्या माणसाला चालत्या एसटीत गंडम कुठून समजावू.

तुम्हाला सांगतो पण थोडक्यात. १९७९ ला जपानच्या टीव्हीवर गंडम नावाची रोबोटची कार्टून मालिका आली, तेव्हा फार चालली नाही, ५२ भाग ठरलेले, ४३ वर गुंडाळली. मग जुलै १९८० ला बांदाई कंपनीनं त्यातल्या रोबोटचं प्लास्टिकचं मॉडेल काढलं, १/१४४ स्केलचं, ३०० येनला, आणि मॉडेल असं खपलं की मालिकेचंच नशीब फिरलं. ते जुने किट म्हणजे बहुतेक एकाच रंगाचं प्लास्टिक, गोंदानं चिकटवा आणि रंग तुमचा तुम्ही मारा. १९९० पासून हाय ग्रेड म्हणून जी लाइन आली त्यात हळूहळू प्लास्टिकच रंगीत यायला लागलं, आज तर गोंदपण लागत नाही, पार्ट पार्टात दाबला की टक् करून बसतो. मालिकेतला झाकू साडेसतरा मीटरचा, त्याला १४४ नं भागा, झाला आपला पायरीवरचा.

मग रंग मारायचाच कशाला, जोडला की झालं ना? तेच तर. नुसता जोडलेला किट जत्रेतल्या खेळण्यासारखा चकाकतो. चकाकी मेली पाहिजे. ती मारायला हॉबी शॉपवाले एअरब्रश सांगतात, कॉम्प्रेसर सांगतात, जपानी रंगाच्या एवढ्या एवढ्याशा बाटल्या सांगतात, त्यात अजून तीन किट येतील. आणि आमच्याकडं हॉबी शॉप कुठाय, इथं बॅडमिंटनचं फूल आणायचं तरी यवतमाळ.

पहिला किट मी मारून टाकला, ते आधी सांगून टाकतो. हा पाहा खांदा, डबीत जपून ठेवलाय. झालं काय, हाताला लागलेला ऑइल पेंट चुकून पार्टवर गेला, घरी एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं, होतं, फडक्यावर घेतलं आणि पुसलं. प्लास्टिक आहे पॉलिस्टायरिन, आणि एनसी थिनर त्याला सरळ विरघळवतं, दोन सेकंदात खांदा गुळाच्या पाकासारखा चिकट. नेलपेंट रिमूव्हरनंही तेच होतं, बहिणीची बाटली उचलायचं मनातसुद्धा आणू नका.

रडत बसलो नाही, पण चेहरा उतरला होता, आणि तसाच मी पेंटर काकांकडं गेलो. काका म्हणजे गावातलं सगळं रंगवणारा माणूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा मोर, दुकानाच्या पाट्या, ग्रामपंचायतीची भिंत, पोळ्याला बैलाची शिंगं आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यायचे चाकावरचे लाकडी बैल. माझा लहानपणचा बैलही त्यांनीच रंगवलेला. त्यांनी झाकूचा खोका उलटसुलट पाहिला.

“नाव का म्हणतं याचं?”

“झाकू.”

“का झाकू?”

“नाही काका, नावच झाकू आहे.”

“अबे पण झाकू का?”

हे पाचेक मिनिटं चाललं. मग खांदा हातात घेतला, नखानं खरवडला, अन् म्हणे, थिनरनं गेलं ना, मंग थिनरातच लांबी बनव. लांबी म्हणजे फटी बुजवायची पुट्टी. ज्या चौकटीतून पार्ट तोडतो ती उरलेली चौकट, तिला रनर म्हणतात, तिचे बारीक तुकडे काचेच्या छोट्या बाटलीत टाकायचे, वरून थोडं तेच एनसी थिनर, झाकण घट्ट, रात्रभर ठेवायचं. सकाळी दह्यासारखी पेस्ट. फट असेल तिथं काडीनं भरायची, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायची, मग घासायची. प्लास्टिक तेच, म्हणून जोडही तसाच पक्का, आणि खर्च शून्य, कारण रनर तसाही कचऱ्यात जातो. बाटली उघडायची ती अंगणात, वास डोक्यात चढतो, आणि चुलीपासून लांब. माझा तो खांदा काही वाचला नाही हां, तो फारच गेला होता. पण झाकूच्या पायाच्या फटी याच पेस्टनं भरल्या.

आता तोडणं. नेलकटरनं तोडतात लोकं, मीही तोडलं, आणि पार्टाला पांढरा डाग पडतो, गडद प्लास्टिकवर तर लांबून दिसतो. मोबाइल रिपेअरवाल्याकडं साइड कटर असतं, वायर कापायचं, ते घ्या, १२० ला मिळालं मला. दोनदा कापायचं, पहिल्यांदा पार्टापासून लांब, मग उरलेलं खुंट जवळून. एकदम जवळून कापलं की ताण पार्टावर येतो आणि तो पांढरा पडतो, बस एवढीच भानगड. उरलेला खुंट वॉटर पेपरनं, तो डेंटिंगवाल्याकडं मिळतो, आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग १०००, नंबर वाढला की पेपर बारीक, आणि पाण्यात बुडवून घासायचं म्हणजे प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही.

घासून झालं की पार्ट धुवायचे. भांड्याच्या साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, आणि खाली चहाची गाळणी. गाळणी विसरू नका. झाकूच्या डाव्या हाताचा अंगठा आमच्या मोरीतून गेलाय, तो आता नालीतून कुठंतरी अडाण नदीला लागला असेल. धुवायचं का, तर साच्यातून निघताना प्लास्टिकला तेलकटपणा राहतो, आपल्या बोटांचा वेगळाच, त्यावर रंग धरत नाही.

या तुराट्या पाहा, आणि हा गव्हाचा डबा. एकेका काडीला एकेक पार्ट, आतल्या बाजूनं टेप लावून अडकवलेला, आणि काड्या गव्हात खोचलेल्या. आई म्हणते गव्हाला पेंट लागला तर तुलाच खाऊ घालीन, म्हणून वरून पेपर.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा अस्तराचा हात, ऑटो पार्टच्या दुकानातला, राखाडी, कॅन २८० चा. मला वाटायचं प्रायमरनं ओरखडे बुजतात. उलटंय, राखाडी बसलं की जो ओरखडा आधी दिसतही नव्हता तो उठून दिसतो. काकांनी पाहिलं आणि म्हणे, घे, झाकू म्हणत होता ना, झाकलं का? परत घासलं. २०-२५ सेंटिमीटरवरून, हात हलता, हलके हलके फवारे, एका दमात ओला करायचा नाही, कारण कॅनमधलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं, तेही प्लास्टिकला चावतं. कोणताही नवा कॅन आधी रनरवर मारून पाहायचा, ते पार्टाचंच प्लास्टिक आहे, जे व्हायचं ते तिथं होऊ दे.

आणि हवा, विदर्भात सगळ्यात मोठी मारामारी हिचीच. मे महिन्यात पारा ४४-४५ ला, दुपारी फवारा मारला तर रंग हवेतच वाळतो आणि पार्टावर येऊन पडतो तो भुकटी होऊन, हात फिरवला तर ज्वारीच्या भाकरीसारखं खरखरीत. मग म्हटलं घरात, कूलरसमोर. लय हुशारी केली. कूलरच्या ताट्यातली कुसळं ओल्या रंगावर, वरून दमट हवा. जुलैत क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा बिनरंगी थर, मारला तर अंगावर दुधासारखा पांढरा पडदा, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो अन् हवेतला ओलावा तिथं बसतो. हे दुरुस्त होतं, कोरड्या दिवशी वरून हलका हात मारला तर बहुतेक वेळा पडदा विरतो. पण आमचा नियम आता ठरलेला, स्प्रेचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ-दहाला, दव उडाल्यावर. आणि कॅन उन्हात ठेवायचा नाही, फुटतो.

ब्रशचं काम मात्र बारा महिने. अॅक्रेलिक रंग, १५ मिलीच्या बाटल्या, शाळेच्या स्टेशनरीत मिळतात, पाच बाटल्या १७५ ला. झाकूचा हिरवा आयता मिळत नाही, हिरव्यात पिवळा, थोडा पांढरा आणि काळा म्हणाल तर काडीच्या टोकावर येईल तेवढाच, आणि मिसळतानाच जास्तीचा करून डबीत ठेवा, तोच हिरवा दुसऱ्यांदा येत नाही. मी बाटलीतून थेट मारत होतो, ब्रशच्या रेघा दिसत होत्या, भिंतीला चुना मारल्यासारख्या. काका मागं उभे.

“एवढा जाड कायले मारून राह्यला बे? दुधासारखा कर.”

पहिला हात मारला तर इतका विरळ की खालचा राखाडी दिसतो, जीव घाबरतो, वाटतं अजून थोडा फिरवू. फिरवायचं नाही. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला की तो उचलून येतो. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा, मग तिसरा, तिसऱ्या हाताला हिरवा असा सपाट बसतो की स्प्रे मारला का विचारतात. ट्रॉलीवरचा मोर काका असाच करतात, मी इतकी वर्षं तो मोर पाहिला पण त्याच्या मानेत चार हात आहेत हे मला झाकूमुळं कळलं. उन्हाळ्यात रंग ताटलीतच वाळतो, त्याला उपाय म्हणजे टिफिनच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग बटर पेपरवर, दोन तास मऊ राहतो, मध्ये लाइन गेली, पंप चालू करायला वावरात जाऊन आलो तरी तसाच.

पार्टांमधल्या ज्या बारीक खाचा आहेत ना, त्यात काळं भरलं की रोबोटचे पत्रे वेगळे वेगळे दिसायला लागतात. विकतचे पेन आहेत त्यासाठी, मी काळा पोस्टर कलर घेतो, भरपूर पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्या थेंबानं पाणी खाचेत आपोआप पळतं, वाळलं की ओल्या इअरबडनं वरचं पुसायचं. डोळा म्हणजे आईची टिकली. गुलाबी, चमकीवाली, पंचिंग मशीन नाही म्हणून कटरनं गोल कापली, सात टिकल्या वाया गेल्या, आठवी बसली. सात गेल्याचं आईला माहीत नाही, आता व्हिडिओ पाहून कळेल.

आता माती, माझा सगळ्यात आवडता भाग. परदेशात यासाठी पिगमेंट म्हणून भुकटीच्या डब्या विकतात. वावरातलं ढेकूळ आणलं, उन्हात वाळवलं, पाट्यावर कुटलं, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा गाळलं, पावडरीसारखं झालं. काळी माती वाळली की काळी राहत नाही बरं, राखाडी तपकिरी होते, आणि झाकूच्या हिरव्यावर ती अशी बसते की जणू त्यासाठीच केलीय. कोरड्या ब्रशनं घोट्याला, गुडघ्याला, जिथं धूळ खरंच बसेल तिथं. चिखल हवा तिथं फेव्हिकॉलचं पातळ पाणी घालून लावला, आणि थोडा जाडच लागला, दुसऱ्या दिवशी पाहतो तर तळपायाला भेगा. एप्रिलमध्ये वावराला पडतात अगदी तशा, कारण ही माती वाळताना आकसतेच. मी खरवडायला घेतलं तर काकांनी हात धरला, राहू दे म्हणे. राहिल्या. झूम करतो, पाहा.

शेवटी मॅट क्लिअर, कॅन ३५० चा, सगळ्यात महाग हाच आणि यात कंजुषी नाही, चकाकी यानंच मरते. ब्रश दोन ८० चे, पेपर चार ६० चे, सगळं धरून १०६५ झाले, किट पडला १५०० ला, आणि कटर, ब्रश, अर्ध्याहून जास्त रंग पुढच्याला कामी येतो.

पुढचा म्हणजे हा, पांढरा, दोन डोळ्यांचा, खुद्द गंडम. पांढऱ्याला चार नाही सहा हात लागतील म्हणतात काका, आणि त्यांना त्याच्या बदल्यात यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या बैलांच्या खुरांना तशीच माती लावून पाहिजे, अकरा बैल आहेत, चव्वेचाळीस खूर. काम चालू आहे. बाहेर पाऊस आहे, ऐकू येत असेल, त्यामुळं गंडमचे पार्ट प्रायमरशिवायच तुराट्यांवर, गव्हाच्या डब्यात, दिवाळीची वाट पाहत.