कात्रीच्या आधी मोजणी

ट्रेमध्ये गांडूळ ठेवलं की विद्यार्थ्याचा हात थेट कात्रीकडे जायचा. माझा आग्रह असायचा, आधी खंड, म्हणजे शरीरावरची वलयं, मोजा. पुण्यातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला असायचं ते फेरेटिमा पोस्थुमा. त्याचं शरीर साधारण 100 ते 120 खंडांचं असतं आणि आतल्या प्रत्येक अवयवाची जागा या खंडांच्या क्रमांकावरून सांगता येते. 14, 15 आणि 16 या खंडांभोवतीचा जाडसर पट्टा म्हणजे क्लायटेलम. तो ओळखला की पुढची-मागची मोजणी सोपी होते. पोटाकडून पाहिलं, तर 14व्या खंडावर मधोमध मादीचं एकच छिद्र दिसतं आणि 18व्यावर नराच्या छिद्रांची जोडी. दोन्ही एकाच जिवात. शरीर न उघडता एवढं कळतं, आणि नेमकं हेच जर्नलमध्ये घाईघाईनं उरकलं जायचं.

आता छेद कुठं घ्यायचा? पाठीवर मधोमध एक गडद रेघ दिसते. ती कातडीतून दिसणारी पृष्ठ रक्तवाहिनी. छेद तिच्या किंचित बाजूनं घ्यायचा, नाहीतर ती कापली जाते आणि रक्तानं सगळं गढूळ होतं. पोटाकडून मात्र उघडायचं नाही, कारण गांडुळाचा चेतारज्जू पोटाच्या बाजूनं जातो. आपला पाठीत, त्याचा पोटाशी! कात्रीचं टोक वर उचलून धरायचं आणि फक्त कातडी कापायची.

छेद घेतला तरी कातडी सहज बाजूला होत नाही. खंडाखंडांमधले पडदे तिला आतून धरून ठेवतात. ते एकेक करून कडेशी सोडवावे लागतात, टाचण्या बाहेरच्या बाजूला तिरक्या टोचाव्या लागतात, आणि सगळं पाण्यात बुडलेलं ठेवावं लागतं, म्हणजे अवयव तरंगून सुटे होतात. विच्छेदनाचा खरा वेळ इथंच जायचा. मग 8व्या खंडाजवळ गिझार्ड सापडतं. चिमट्यानं दाबलं तर घट्ट लागतं, कारण गिळलेली माती तिथं दळली जाते. 11व्या आणि 12व्या खंडांत पांढरट शुक्राशय, 15व्यापासून आतडं, आणि 26व्यातून पुढं वळलेल्या दोन लहान पिशव्या. रक्त लाल, पण हिमोग्लोबिन पेशींत नसतं. ते प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रवातच, विरघळलेलं असतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी गोष्ट: नेफ्रिडिया, म्हणजे उत्सर्जनाच्या बारीक नळ्या. फेरेटिमामध्ये पडद्यांवरच्या नेफ्रिडियांतलं पाणी बाहेर न जाता आतड्यात सोडलं जातं, हे कर्म नारायण बहल यांनी 1919 साली दाखवून दिलं. आतड्यात ते पाणी पुन्हा शोषलं जाऊ शकतं. कोरड्या उन्हाळ्याच्या देशात मातीत राहणाऱ्या, ओल्या कातडीनं श्वास घेणाऱ्या प्राण्याला याचं केवढं मोल! भारतीय गांडुळाचा अभ्यास भारतीयानं इतक्या बारकाईनं केला, हे मुलांना आवर्जून सांगा.

2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन बंद केलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. दरवर्षी त्याच आकृतीसाठी तेवढे जीव मारायचं कारण नव्हतं. पण त्यासोबत मोजणीही गेली, याचं मला फार वाईट वाटतं. तक्त्यावरून आकृती उतरवणाऱ्याला 14वा खंड कुठला ते बोटानं दाखवता येत नाही.

ते अजूनही शिकवता येईल. पावसाळ्यात गांडूळ ओल्या काचेवर घ्या, भिंग धरा. पाठीवरच्या वाहिनीत मागून पुढे सरकणारी लाट दिसेल. ती मेलेल्या गांडुळात कधीच दिसत नाही. मग तोंडाकडून क्लायटेलमपर्यंत खंड मोजा. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातलं आयसेनिया फेटिडा असेल, तर क्लायटेलम 24-25व्या खंडापासून सुरू झालेलं मिळेल. मुलांनी आकडा लिहावा, जात ओळखावी, आणि कातडी सुकायच्या आत गांडूळ मातीत परत सोडावं.