शनिवारी रात्री नऊ वाजता तिथे काय असतं?

नमस्कार. बऱ्याच आईबाबांच्या हातात वही-पेन दिसतंय, रँकिंग, फी, एसएटी सगळं लिहून घ्यायच्या तयारीने आलायत तुम्ही. ते महत्त्वाचं आहेच, पण त्याची माहिती तुम्हाला दहा ठिकाणी मिळेल. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, ती म्हणजे शनिवार. अमेरिकेतल्या कॉलेजात गेलेली मुलं शनिवार-रविवार तिथे काय करतात, कोणाबरोबर असतात, कुठे जेवतात, हे कॉलेज निवडताना आपण कोणीच विचारत नाही आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोरगी फोनवर नुसती गप्प बसते, आणि आपल्याला कळत नाही की मार्क तर चांगले पडतायत, मग झालं काय.

मी नाशिकची. बारावीनंतर मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाच्या गावी कार्लटन कॉलेजला गेले. गावाची वस्ती साधारण वीस हजार, कॉलेजात मुलं दोन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजपेक्षाही कमी. मिनीॲपोलिस तिथून साठ-पासष्ट किलोमीटर, नाशिक-सिन्नरच्या दुप्पट म्हणा. पण बहुतेक मुलांकडे गाडीच नसते, त्यामुळे ते अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा खूप जास्त वाटतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण आमच्या घरीही हाच झाला होता. अशा छोट्या कॉलेजांना तिकडे लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात, पण लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साइड नाही. फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स सगळं असतं, फक्त पहिल्या दिवशी शाखा निवडून त्यात अडकायचं नसतं आणि शिकवायला पीएचडीची मुलं नसतात, प्रोफेसर स्वतः असतात. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस, ते आयोवातल्या ग्रिनेल नावाच्या अशाच छोट्या कॉलेजातून 1949 मध्ये फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बाहेर पडले. एवढं बास, यावर माझ्या बाबांना मी जितका वेळ समजावलं तितका वेळ आज नाहीये.

तर शनिवार. कार्लटनला सेमिस्टर नसतं, दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात. म्हणजे वर्षाचे तीस वीकेंड आणि चार वर्षांचे एकशेवीस. वर्गात तुम्ही आठवड्याला किती तास बसणार, दहा-बारा-पंधरा. बाकीचा वेळ तुम्ही त्या गावात राहता. आपल्याकडे कॉलेज सुटलं की मुलगा घरी येतो, मित्र गल्लीतले असतात, रविवारी मामाकडे जायचं असतं, म्हणून कॉलेजचा वीकेंड कसा हा प्रश्नच आपल्या डोक्यात येत नाही. तिथे घर नाही, गल्ली नाही, मामा नाही, जे काय आहे ते कॅम्पसवर. ते असलं तर असलं, नसलं तर तुमची खोली आणि तुमचा फोन.

आणि फोनचं एक सांगते. मिनेसोटात शनिवारी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेत, म्हणजे तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात त्या दिवसांत, आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे बरोब्बर तेव्हा घर उठतं. फॅमिली ग्रुपवर पोह्यांचा फोटो येतो, कोणीतरी गुड मॉर्निंग टाकतं, मागे मिक्सरचा आवाज असलेली व्हॉइस नोट येते. तुम्ही तिकडे खोलीत एकटे असाल, बाहेर कॉरिडॉरमध्ये दुसऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत असेल, आणि हातात तो पोह्यांचा फोटो असेल ना, तर तो तास काढणं फार अवघड असतं. पहिल्या टर्मचे तीन शनिवार मी असे काढलेत, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

माझ्या मामेभावाचं तर याहून वाईट झालं. तो दुसऱ्या एका कॉलेजात गेला, नाव घेत नाही, अभ्यासाला चांगलं होतं. पण तिथली बहुतेक मुलं दोन-अडीच तासांच्या अंतरावरची. शुक्रवारी दुपारी तीन-चारला पार्किंग रिकामं व्हायला लागायचं, सगळे बॅगा टाकून घरी, ते थेट रविवारी रात्री परत. अशा कॉलेजांना तिकडे सूटकेस कॉलेजच म्हणतात, इतका तो नेहमीचा प्रकार आहे. मेस शनिवारी दुपारी बंद व्हायची. हा आणि अजून पाच-सहा परदेशी मुलं मायक्रोवेव्हमध्ये नूडल्स करून खायची. त्याला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, मला मित्र करता येत नाहीत. अरे पण मित्र करायला समोर माणूस तर हवा ना! दुसऱ्या वर्षी त्याने ट्रान्सफर घेतली आणि तोच मुलगा नव्या ठिकाणी नाटकात काम करायला लागला.

मग छोट्या कॉलेजात काय वेगळं असतं? छोटं आहे म्हणून आपोआप चांगलं असं अजिबात नाही. बघायचं हे की चारही वर्षं मुलं कॅम्पसवर राहतात का. कार्लटनला जवळजवळ सगळे राहतात, फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी नाहीतच, म्हणजे शनिवारची मजा कुठल्या क्लबच्या मेंबरशिपवर अडकलेली नाही, दार सगळ्यांना उघडं. आणि गावात फारसं काही नसल्यामुळे मुलं स्वतःच करतात सगळं. कॉलेजचं रेडिओ स्टेशन आहे केआरएलएक्स, टर्म चालू असताना चोवीस तास मुलंच चालवतात. पहाटे तीनच्या स्लॉटलाही कोणीतरी बसलेलं असतं. 1887 साली बांधलेली गुडसेल वेधशाळा आहे, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आकाश निरभ्र असेल तर लोकांसाठी उघडतात, मी शनीची कडी आयुष्यात पहिल्यांदा तिथे बघितली, थंडीने नाकातून पाणी वाहत होतं आणि मी दुर्बिणीवरून हलायला तयार नव्हते. आर्ब म्हणून साधारण आठशे एकरांचं जंगल आणि गवताळ माळ कॉलेजचाच आहे, तिथे नुसतं चालायचं. वसंतात एका शनिवारी रॉटब्लॅट नावाची सॉफ्टबॉलची मॅच होते, कॉलेजला जितकी वर्षं झाली तितक्या इनिंग्ज, कॉलेज 1866 चं, करा हिशोब, पहाटेपासून चालते ती.

आणि रविवार म्हणजे लायब्ररी. हेही मुलांनी ऐकून ठेवा. दहा आठवड्यांच्या टर्ममध्ये तिसऱ्याच आठवड्यात परीक्षा येऊन धडकते, रविवारी दुपारी सगळं कॉलेज पुस्तकं घेऊन बसलेलं असतं. पण एकटं बसत नाही कोणी, प्रॉब्लेम सेट चार जण मिळून सोडवतात. माझ्या निम्म्या मैत्रिणी मला पार्टीत नाही, लिनिअर अल्जेब्रात मिळाल्या.

दारूचं विचाराल म्हणून मीच बोलते. असते. कायद्याने प्यायला वय एकवीस लागतं आणि तरी असते, सगळ्या कॅम्पसवर. पण सबस्टन्स-फ्री हाउसिंगचा, म्हणजे दारू-ड्रग्ज चालत नाहीत अशा हॉस्टेलचा पर्याय बऱ्याच कॉलेजांत असतो, आणि खरा प्रश्न हा आहे की ज्याला प्यायची नाही त्याला शनिवारी रात्री जायला दुसरी जागा आहे का. जागा असेल तर पोरगं नाही म्हणू शकतं. नसेल तर ते पोरगं एकतर खोलीत बसतं नाहीतर नाइलाजाने तिकडे जातं.

छोट्या जागेचा त्रासही आहे, तो लपवणार नाही. दोन हजार माणसांत ज्याच्याशी भांडण झालं तो उद्या मेसमध्ये समोर दिसणार. गर्दीत हरवून जाण्याचं सुख तिथे नाही. ज्याला मोठं शहर, लोकल, रात्री अकराला वडापाव असं लागतं त्याने नॉर्थफील्डला जाऊ नये, खरंच नको, तो फेब्रुवारीत उणे वीसमध्ये खचेल. आणि पैशाची बाजू, बहुतेक अशी कॉलेजं परदेशी मुलांना मदत देतात पण ॲडमिशन देताना किती मदत लागेल ते बघतात. ॲमहर्स्ट, बोडन अशी थोडीच आहेत जी परदेशी मुलांच्या बाबतीतही ते बघत नाहीत. आपल्या पौडजवळचं जे युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे तिथल्या मुलांना डेव्हिस स्कॉलरशिपमुळे अशा कॉलेजांचा रस्ता बराच सोपा झालाय. आणि देश सोडायचाच असंही नाही, लवळ्याला फ्लेम युनिव्हर्सिटी आहे, सोनीपतला अशोका युनिव्हर्सिटी आहे, दोन्हीकडे मुलं कॅम्पसवर राहतात, म्हणजे मी सांगतेय तो शनिवारचा प्रश्न तिथेही तसाच्या तसा विचारायचा.

कसा विचारायचा ते सांगते. ॲडमिशन ऑफिसला नको, ते छानच सांगणार, त्यांचं कामच आहे ते. तिथे शिकणारं एखादं मूल शोधा, शक्यतो दुसऱ्या वर्षाचं, आणि विचारा की मागच्या शनिवारी रात्री नऊ वाजता तू कुठे होतास. वीकेंडला काय काय असतं असं विचारलंत तर यादी मिळेल. मागच्या शनिवारी म्हटलं की खरं उत्तर येतं, आणि तीन-चार जणांना विचारलं की चित्र दिसायला लागतं. कॉलेजचं विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र ऑनलाइन असतं, ते दोन-तीन महिने वाचा, पोरं कशावर चिडलीयत ते कळतं. मग कॉमन डेटा सेट नावाची फाइल बहुतेक कॉलेजं साइटवर टाकतात, त्यातला एफ विभाग काढा, किती टक्के मुलं कॉलेजच्या हाउसिंगमध्ये राहतात ते आकड्यात असतं. पहिल्या वर्षाचा आकडा मोठा आणि एकूण आकडा एकदम खाली असेल तर थांबा, विचार करा. मेस रविवारी किती वाजेपर्यंत चालू हेही बघा. आणि सुट्टीत काय? कार्लटनला नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून न्यू इयरपर्यंत जवळजवळ सहा आठवडे सुट्टी असते, सगळे घरी जातात, तिकीट परवडत नसेल तर ते दिवस कुठे काढायचे हे ऑगस्टमध्ये ठरलेलं हवं, नोव्हेंबरमध्ये धावाधाव करून होत नाही ते.

चौथ्या शनिवारी माझं काय झालं ते सांगते आणि मग प्रश्न घेते. कॅम्पसला लागून एक घर आहे, डेसी मोझेस हाउस. डेसी मोझेस या कॉलेजात नोकरी करायच्या, घरी येईल त्या मुलाला खाऊ घालायच्या, आणि 1981 मध्ये गेल्या तेव्हा घर कॉलेजला देऊन गेल्या. आजही तिथे ओट्यावर मैदा, साखर, लोणी, चॉकलेट चिप्स भरून ठेवलेलं असतं, कोणीही यायचं, कुकीज भाजायच्या, फक्त नंतर भांडी घासून ओटा पुसून जायचं. दारू तिथे चालत नाही. माझी रूममेट मला ओढून घेऊन गेली, मी म्हटलं मला कुकीज येत नाहीत, ती म्हणाली मग जे येतं ते कर.

आता, नॉर्थफील्डला कॅनन नदीच्या काठी एक जुनी गिरणी आहे, तिथे माल्ट-ओ-मील नावाचं नाश्त्याचं सिरीयल बनतं, वारा तिकडून आला की अख्ख्या गावाला भाजल्यासारखा वास येतो. ते पाकीट मी दुकानात हातात घेऊन बघितलं होतं, तो म्हणजे आपला रवाच, त्यात थोडं माल्ट, म्हणून रंग जरा तपकिरी. मी ते पाकीट नेलं आणि शिरा केला. रवा भाजायला लागले तर स्वयंपाकघरात चार-पाच जण गोळा झाले, गावाच्या हवेत रोज येणारा तोच वास, पण त्यात तूप. एक मुलगा व्हर्माँटचा होता, तो कढईजवळून हललाच नाही, आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या कपात घेऊन खाल्ला, वेलची नव्हती, काजू नव्हते, तरी.

फोटो काढून मी ग्रुपवर टाकला, नऊ वाजून गेले होते, म्हणजे घरी सकाळ. दोन मिनिटांत आजीचा फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, पहिला प्रश्न, "तिथे तूप कुठून आणलंस?" मी सांगितलं, मीठ नसलेलं लोणी मिळतं गं इथे, तेच कढवलं. मग तिने बेरी टाकलीस की नाही ते विचारलं, आणि मी म्हटलं नाही, ती त्या व्हर्माँटच्या पोराने साखर घालून खाल्ली.