पाण्याखालचा प्लॉट

हे पाणी नीट बघा. ड्रोन आता थोडा खाली येईल तेव्हा पाण्यात सरळ सरळ रेषा दिसायला लागतील, मधेच काटकोनात वळलेल्या. हे बांध आहेत. म्हणजे वरून जो समुद्र वाटतोय तो खरं तर शेतं आणि मासळीची तळी आहेत, प्रत्येकाला मालक आहे, आणि बऱ्याच मालकांच्या घरी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा कागदसुद्धा आहे.

गावाचं नाव तिम्बुलस्लोको. इंडोनेशिया, जावा बेटाचा उत्तर किनारा, देमाक जिल्हा, सायुंग तालुका. सेमारांग हे मोठं बंदराचं शहर इथून अगदी जवळ, पश्चिमेला. शहरातून निघालात की कारखाने, कंटेनरच्या रांगा, ट्रकवाल्यांचे हॉर्न, आणि मग एका वळणावर रस्ताच पाण्यात जातो.

पुढे असं चालायचं. लाकडी फळ्यांचा हा साकव, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, आणि तरी यावरून स्कूटरपण जाते, बघा ही आली. याच्या खाली गावाचा जुना रस्ता आहे. साकव गावकऱ्यांनी स्वतः खांब ठोकून उभा केलाय, कारण पाणी आता भरतीपुरतं येऊन जात नाही, ते इथेच असतं. या भरतीच्या पुराला इथे रोब म्हणतात. लहान मुलंसुद्धा आज रोब किती येणार हे आपल्याकडे पाऊस पडेल का विचारतात तसं विचारतात.

आता या घरात चला. वाकून. नाही, अजून वाका.

दार असं बुटकं नव्हतं बरं का, दार व्यवस्थित पुरुषभर उंचीचं होतं, जमीन वर आलीय. पाणी पहिल्यांदा घरात शिरलं तेव्हा लोकांनी काय केलं, तर भराव टाकला. माती, मुरूम, पडक्या घरांच्या विटा, मिळेल ते आणायचं, घरात पसरायचं, चोपायचं, वर परत कोबा किंवा फरशी. दोनतीन वर्षं बरी जातात. मग परत पाणी उंबऱ्याला लागतं, मग परत भराव, आणि असं करत करत जमीन खिडकीपर्यंत येते आणि छप्पर डोक्याला लागतं. मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो कौलं उतरवतो, वासे काढतो, भिंत वर चढवतो आणि छप्पर परत बसवतो. ज्याच्याकडे नाहीत तो भराव सोडून देतो आणि घराच्या आतच खांब रोवून फळ्यांची जमीन करतो, म्हणजे घरातच एक माचा, त्याच्यावर चूल, गाद्या, टीव्ही, आणि फळ्यांच्या फटीतून खाली पाणी. हे बघा, मोबाईलचा टॉर्च मारलाय खाली. भिंतीवर ते जे तीन पट्टे दिसतायत वेगवेगळ्या रंगाचे, ती तीन वेळची जमीन आहे. आपल्याकडे माणूस आयुष्यात एकदा जोतं घालतो, इथे एकाच घराची तीन जोती एकावर एक गाडलेली आहेत आणि त्यातला प्रत्येक पैसा घरच्यांनी मासे विकून नाहीतर कारखान्यात शिफ्ट करून आणलेला.

इथे निवेदन थांबवू. दहा सेकंद नुसता पाण्याचा आवाज राहू दे.

या पाण्याच्या जागी भात होता. पन्नाशीच्या पुढचं कुणीही बोट करून सांगतं, इथे भात, तिथे नारळ, त्या पलीकडे मिरच्या. मग खारं पाणी आत यायला लागलं आणि शेतांची तळी झाली, तंबाक म्हणतात त्यांना, बांदेंग नावाचा मासा आणि कोळंबी. ऐंशीच्या दशकात कोळंबीला असा काही भाव आला की जावाच्या या सगळ्या किनाऱ्यावर तळ्यांसाठी खारफुटी तोडली गेली, आपल्या कोकणात तिवरं म्हणतात ती. पैसा आला, खोटं कशाला बोला. पण लाट अडवणारं जे होतं तेच गेलं.

आणि लाटेपेक्षा मोठं कारण खाली आहे. ही सगळी जमीन नदीच्या गाळाची, कोवळी, मऊ. तिच्या पोटातलं पाणी सेमारांग शहर, कारखाने आणि खुद्द गावांच्या खोल बोअरवेल उपसतात, आणि गाळ दबत जातो. या पट्ट्यात काही ठिकाणी जमीन वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास खचते. जगभरात समुद्र वर्षाला चढतो तो तीनचार मिलिमीटर. आता तुम्हीच हिशोब करा, म्हणजे "ग्लोबल वॉर्मिंग आहे हो, काय करणार" असं म्हणून हात झटकणाऱ्यांना काय सांगायचं ते.

गंमत म्हणजे हा सगळा भाग कधीकाळी समुद्रच होता. जावा आणि मुरिया पर्वत, जो तेव्हा वेगळं बेट होता, यांच्यामध्ये खाडी होती, जहाजं जायची, आणि देमाक हे बंदर होतं, जावातल्या पहिल्या मोठ्या मुस्लिम सल्तनतीचं. मग खाडी गाळाने भरली आणि बंदराचं गाव समुद्रापासून आत गेलं. देमाकची ती जुनी मशीद दाखवायची होती पण आमचं शूट गावातच संपलं, त्यामुळे ती राहिली.

आता हा कागद. हात कुणाचा आहे ते सोडा, नाव आणि नंबर ब्लर केलेत. याला सर्तिफिकात हाक मिलिक म्हणतात, म्हणजे पूर्ण मालकीचं सर्टिफिकेट. ज्यांच्याकडे हे नाही त्यांच्याकडे गिरिक, जुनी कर भरल्याची नोंद. आपल्याला समजायचं तर सातबारा डोळ्यासमोर ठेवा, तंतोतंत तसं नाही पण भावना तीच. कागदावर क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहेत, शिक्का आहे. आणि मालक होडीत बसून आपल्याला त्या चतुःसीमा दाखवतोय, हा बांबू, तो बांबू, त्या जाळीपर्यंत. तळ्याचे बांध गेले तरी लोक बांबू रोवून, जाळी लावून आपली हद्द धरून आहेत, कारण नाही धरली तर तो समुद्र, आणि समुद्रात कुणीही जाळं टाकू शकतं.

कायदा काय म्हणतो? इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 चा. त्याच्या कलम 27 मध्ये मालकी कशी संपते त्याची यादी आहे, आणि त्यात एक कारण आहे, जमीन नष्ट झाली तर. तानाह मुस्नाह. नष्ट जमीन. दोन शब्द. माणूस मेला नाही, विकली नाही, कर्ज बुडवलं नाही, फक्त जमीन खाली गेली, संपला हक्क. 2021 च्या नियमांत एवढी सोय केलीय की जमीन नष्ट ठरवण्याआधी मालकाला ठराविक मुदतीत भर टाकून ती परत उभी करायची पहिली संधी द्यायची. समुद्रात. मच्छीमाराने. स्वतःच्या पैशाने.

आणि तो मागे दिसतोय तो सेमारांग-देमाक टोल रोड. सायुंग ते देमाक हा टप्पा 2023 मध्ये उद्घाटन होऊन सुरू झाला, सेमारांगकडचा टप्पा समुद्रातून जातो आणि तोच समुद्राची भिंत पण होणार आहे, त्याच्या पायाखाली बांबूच्या चटया घातल्यात, इंजिनिअरिंग म्हणून बघण्यासारखं आहे, नाकारत नाही. पण रस्ता ज्या पाण्यातून जातो तिथेही प्लॉट होते. कोरडी जमीन असती तर भूसंपादन, मोबदला. नष्ट ठरली की 2022 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाप्रमाणे केरोहिमान मिळतं, सानुग्रह म्हणा, दया म्हणा. तो मोबदला नव्हे. पाणी उपसणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि ज्याची जमीन खचली त्याच्या हातात दयेचं पाकीट, असा हा व्यवहार आहे.

ही दफनभूमी. चिखल आणून ती उंच केलीय, कडेने बांबूचं कुंपण. त्याआधी माती द्यायची तर ओहोटीची वाट बघावी लागायची. यावर बोलत नाही, शॉट लांब ठेवलाय.

हे काठ्याकुट्यांचं कुंपण दिसतंय ते मात्र चांगली गोष्ट आहे. 2015 ते 2021 इथे एक प्रकल्प चालला, डच आणि इंडोनेशियन लोकांचा, बिल्डिंग विथ नेचर नावाचा. बांबूच्या खांबांच्या दोन ओळी रोवायच्या, मधे झाडझाडोरा भरायचा. पाणी आत जातं पण लाट मंदावते, गाळ मागे बसतो, आणि गाळ पुरेसा चढला की खारफुटीचं बी आपोआप रुजतं. काही ठिकाणी रुजलंही, ती हिरवी पट्टी बघा. पण गाळ बसायच्या वेगापेक्षा जमीन खाली जायचा वेग जास्त असेल तर कुंपण तरी काय करणार.

शेजारच्या बेदोनो गावातल्या दोन वाड्या सरकारने हलवल्या, एक 1999 ला आणि दुसरी 2006 ला. तिम्बुलस्लोकोतूनही बरीच कुटुंबं गेली.

शेवटचा शॉट मघाच्याच घराचा, पहाटेचा. मे आणि जूनमध्ये रोब सगळ्यात मोठा येतो, 2022 च्या मे मध्ये तर सेमारांगच्या बंदराचा बांधही फुटला होता. म्हणून हे काका आत्ताच माचा एक वीत वर घेतायत. काकू खालून फळी देतायत. जुने खिळे फेकलेले नाहीत, ते सरळ करून त्या डब्यात ठेवलेत.