कॅनडातली साथसंगत

श्रोतेहो, नमस्कार. कॅनडाचं संगीत म्हटलं की आपल्याकडे सेलीन दिऑन आणि ब्रायन अ‍ॅडम्स यांच्यापुढे गाडी फारशी सरकत नाही. फार झालं तर ड्रेक. आज यांपैकी कुणीच नाही. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाता, छोट्या लेबलांवर किंवा सरळ स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारे कलावंत तिकडे पुष्कळ आहेत. त्यांचे 2023 ते 2025 या काळातले चार अल्बम मी सुचवणार आहे. निवड अर्थात माझी, आणि थोडी हट्टाची. समोर नसलेल्या कुणाच्या तरी आवाजाला साथ देणारी गाणी मी शोधत होते.

पहिलं नाव जेरेमी डचर. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या टोबिक या आदिवासी वस्तीतला हा गायक. पियानो वाजवतो, पाश्चात्त्य शास्त्रीय गायकीची रीतसर तालीम घेतलेली. त्याची वोलास्तोके ही भाषा बोलणारी माणसं आता जेमतेम शंभरेक उरलीत. ओटावाहून नदी ओलांडली की गॅटिनो लागतं, तिथे कॅनडाच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत एका मानववंशशास्त्रज्ञानं डचरच्या पूर्वजांची गाणी मेणाच्या सिलिंडरांवर ध्वनिमुद्रित केली होती, ती तिथे जपून ठेवलेली होती. डचर तिथे गेला, कानाला हेडफोन लावून बसला आणि एकेक ओळ उतरवून घेऊ लागला. 2018च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये ते मूळ आवाजही आहेत. खरखर, मधेच खोल जाणारा सूर, आणि त्याच्या जोडीला डचरचा भरदार गळा. दोघं एकाच वेळी गातात आणि दोघांमध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे. इतक्या जुन्या मुद्रणाचा सूर आणि पियानोचा सूर जुळवणं सोपं नसतं. आपल्याकडच्या जुन्या तबकड्या ज्यांनी पेटी घेऊन बसवून पाहिल्या असतील, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मी सुचवते आहे तो मात्र त्याचा दुसरा अल्बम, 'मोतेवोलोनूवोक', 2023 सालचा. मॉन्ट्रियलच्या सीक्रेट सिटी या स्वतंत्र कंपनीनं काढलेला. इथे वाद्यवृंद मोठा आहे, आणि डचर पहिल्यांदाच इंग्रजीतही गातो. कोवळ्या वयात जीव देणाऱ्या आदिवासी मुलांबद्दलचं एक गाणं यात आहे. ते एकटं असताना ऐकू नका, असं मी आपली सांगून ठेवते. या अल्बमला 2024चा पोलारिस, म्हणजे कॅनडातल्या वर्षातल्या उत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. विक्रीचे आकडे न बघता, केवळ गुणवत्तेवर पत्रकार आणि रेडिओवाले हा पुरस्कार ठरवतात. 2018 सालीही तो डचरलाच मिळाला होता. तो दोनदा पटकावणारा पहिला कलावंत हाच. पुढच्या वर्षी, 2025ला, ईव्ह जार्व्हिसच्या 'ऑल सिलिंडर्स'ला मिळाला. तोही जरूर ऐका, पण आजच्या माझ्या सूत्रात तो बसत नाही.

आता पार उत्तरेला. क्युबेकच्या वरच्या टोकाला साल्लुइत नावाचं इनुइट लोकांचं गाव आहे. तिथवर रस्ता जात नाही, विमानानं जावं लागतं. एलिसापी ही गायिका तिथली. किशोरवयात तिनं तिकडच्या रेडिओवर काम केलंय, म्हणजे आमच्याच बिरादरीतली! तिचा 'इनुक्टिटुट' हा अल्बम 2023चा. लहानपणी कानावर पडलेली रॉक आणि पॉपची दहा गाणी तिनं आपल्या भाषेत आणली आहेत. मेटालिका, ब्लाँडी, क्वीन, पिंक फ्लॉइड, सगळी बडी मंडळी. अशा प्रयोगात गंमत म्हणून गाणं ऐकलं जातं आणि विसरलं जातं. इथे तसं होत नाही. मेटालिकाच्या गाण्यातला विजेच्या गिटारींचा गडगडाट काढून टाकून तिनं ते इतकं हळू गायलंय, की मूळ गाणं पाठ असलेल्यालाही ते ओळखायला क्षणभर लागावा. त्या वयातली माणसं, नातलग, त्यांतले काही आता नसलेले, या गाण्यांना चिकटून आलेत.

रेडिओवरून आठवलं. कॅनडातल्या खासगी केंद्रांना लोकप्रिय संगीतातली 35 टक्के गाणी कॅनडाचीच लावावी लागतात. 1971 साली नियम आला तेव्हा हे प्रमाण 30 टक्के होतं. नियम चांगलाच आहे, पण ती जागा बहुतेकदा नावाजलेल्यांनाच मिळते, अशी तक्रारही जुनी आहे. छोट्यांना खरा हात देतात ती विद्यापीठांची केंद्रं, मॉन्ट्रियलचं सीकेयूटी किंवा व्हँकुव्हरचं सीआयटीआर यांसारखी. मुलं-सुना तिकडे असतील त्यांनी कळवून ठेवा, दोन्ही इंटरनेटवरही लागतात.

तिसरा अल्बम बेल्स लार्सनचा, 'ब्लरिंग टाइम', एप्रिल 2025. बेल्स हा मॉन्ट्रियलला राहणारा ट्रान्स गायक, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवला गेलेला पुरुष. त्यानं उंच पट्टीतला भाग आधी गाऊन ठेवला. मग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे उपचार सुरू झाले, आवाज फुटला, खाली उतरला. तो स्थिरावल्यावर त्याच गाण्यांत त्यानं खालच्या सुराची साथ भरली. म्हणजे जुगलबंदी आहे, पण दोन्ही गळे एकाच माणसाचे, आणि त्यातला एक आता अस्तित्वात नाही. गिटार साधी, शब्द साधे. कुठेही कसरत दाखवण्याचा सोस नाही, म्हणून तर ही जुगलबंदी ऐकत राहावीशी वाटते. हा अल्बम निघायच्या सुमारास अमेरिकेच्या व्हिसाचे नियम आडवे आले आणि त्याला तिथला दौरा रद्द करावा लागला.

चौथा थोडा विक्षिप्त. सिंडी ली यांचा 'डायमंड ज्युबिली', 2024. पॅट्रिक फ्लेगेल या कॅल्गरीच्या कलावंताचं सिंडी ली हे मंचावरचं रूप. बत्तीस गाणी, दोन तासांचा ऐवज. निघाला तेव्हा स्पॉटिफायवर नाही की दुकानात नाही. यूट्यूबवर एकच लांबलचक फाइल, आणि एका जुन्या धाटणीच्या वेबसाइटवर डाउनलोड, जमल्यास 30 कॅनेडियन डॉलर द्या अशी विनंती. जाहिरात शून्य, तरी समीक्षकांनी डोक्यावर घेतला. साठच्या दशकातल्या मुलींच्या गानवृंदांचे सूर, पण रात्री दूरच्या मीडियम वेव्ह केंद्रावर अर्धवट पकडल्यासारखे. माझं विचाराल तर दुसऱ्या भागातली चार-पाच गाणी गाळली असती तरी चाललं असतं. एका बैठकीत ऐकायचा अट्टहास करू नका.

सुरुवात लार्सनपासून करा, तो सगळ्यात सोपा. डचर हेडफोन लावून ऐका, नाहीतर वाद्यवृंदाचे खालचे थर हाती लागत नाहीत. विकत घ्यायचं असेल तर बँडकॅम्प ही गाणी विकणारी वेबसाइट बघा. वर्षातल्या काही शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडतात आणि ते पैसेही कलावंताकडे जातात, शक्यतो तो दिवस गाठा. त्याआधी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर गाडी तिथेच अडते. चला तर, आता बेल्स लार्सन ऐकूया.