स्क्रीनशॉट काळा आला म्हणजे डीआरएमच असतं का?

ओटीटीवर सिनेमा चालू असताना स्क्रीनशॉट मारला की काळा चौकोन येतो. सबटायटल दिसतात, बटणं दिसतात, हिरो गायब. लगेच सगळे म्हणतात, डीआरएम आहे, म्हणजे व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप. असेलही, पण हा पुरावा कच्चा आहे बरं का. बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट तरी कुठे निघतो, तिथे काय सिनेमा चालतो? अँड्रॉइडमध्ये स्क्रीन झाकायचा एक फ्लॅग असतो, तो कुठलंही अ‍ॅप लावू शकतं. आणि उलटंही होतं, लॅपटॉपवर क्रोममध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सेटिंग) बंद केलं की बऱ्याचदा डीआरएमवाला व्हिडिओ पण स्वच्छ निघतो.

मग बघायचं कुठे? लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवून एफ१२ दाबा, ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडतात. तिथल्या कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागी, पानावरच्या व्हिडिओ एलिमेंटचं मीडियाकीज (mediaKeys, डीआरएमच्या चाव्या सांभाळणारी प्रॉपर्टी) काय आहे ते विचारा. नल (null, म्हणजे रिकामं) आलं तर सहसा डीआरएम नाही, ऑब्जेक्ट आला तर बहुतेक आहेच. प्लेअर आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात, असेल तर आधी ती फ्रेम निवडायची, नाहीतर एलिमेंटच सापडत नाही आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो. ही सोय ब्राउझरमध्ये डीआरएम चालवायच्या ज्या ईएमई स्टँडर्डमुळे आली ते वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने सप्टेंबर २०१७मध्ये पास केलं, आणि त्यावरून चिडून डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था तिथून बाहेर पडली.

डीआरएम कुठल्या कंपनीचं ते त्याच टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये कळतं. एमपीडी फाईल (व्हिडिओचे तुकडे कुठे आहेत ते सांगणारी यादी) उघडा, त्यात कंटेंटप्रोटेक्शनची ओळ शोधा, तिथला लांबलचक आयडी 'ईडीईएफ'ने सुरू होत असेल तर गुगलचं वाइडवाइन, '९ए०४'ने असेल तर मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी. अ‍ॅपलच्या एचएलएस या स्ट्रीमिंग पद्धतीच्या यादीत (प्लेलिस्टमध्ये) 'एसकेडी'ने सुरू होणारी लिंक दिसली की अ‍ॅपलचं फेअरप्ले.

आता खरी गंमत इथे आहे, त्याच एचएलएसच्या प्लेलिस्टमध्ये नुसतं एईएस-१२८ (एन्क्रिप्शनची एक पद्धत) लिहिलेलं असेल तर व्हिडिओ एन्क्रिप्टेड आहे पण ते डीआरएम नाही, कारण चावी म्हणजे १६ बाइटची साधी फाईल, सर्व्हर फार तर लॉगिन बघतो आणि देऊन टाकतो, तुमचं डिव्हाइस भरवशाचं आहे का ते कोणी विचारतच नाही. तरी ऑनलाइन कोर्स विकणारे काही जण यालाच छातीठोकपणे डीआरएम म्हणतात!

आणि डीआरएम असलं तरी सगळीकडे सारखं नसतं. वाइडवाइनच्या सुरक्षेच्या लेव्हल असतात, एल१मध्ये सगळं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं, एल३मध्ये सॉफ्टवेअरवर भागवतात. २०१८चा पोको एफ१ आठवतोय? प्रोसेसर एकदम तगडा, पण एल१ नाही, म्हणून नेटफ्लिक्सवर एचडी नाही, लोक जाम वैतागले होते. एल१ आलं ते २०१९च्या अपडेटमध्ये. तुमच्या फोनची लेव्हल बघायला प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप आहे, त्यात वाइडवाइनखाली सिक्युरिटी लेव्हल बघा.